भांग लागला

टाकीच्या काठावर जाताना तांडेल चपला काढत. देवळाबाहेर लावतात तशा एका कडेला नीट लावून नाही, तर पंगतीत शिरणारा माणूस घाईनं काढतो तशा. पहिल्या दिवशी मी बूट घालूनच वर चढले, तेव्हा त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडमबाय, मंडळी जेवतायत."

मी आजूबाजूला पाहिलं. जेवणारं कोणी नव्हतं. खाली तपकिरी पाणी खदखदत होतं, एवढंच.

मंडळी म्हणजे जिवाणू. रत्नागिरीजवळ खाडीच्या कडेला मासळी साफ करून गोठवणारे काही कारखाने आहेत. त्यांचं रक्ताचं, खवल्यांचं, तेलकट पाणी एका जुन्या पायपातून आमच्या सांडपाणी केंद्रात येतं. तिथे एका मोठ्या उघड्या टाकीत जिवाणू ती घाण खातात. त्यांना श्वास घेता यावा म्हणून तळातून सतत हवा सोडावी लागते. पुढच्या टाकीत हे जिवाणू गाळ होऊन खाली बसतात आणि वरचं निवळ पाणी खाडीत जातं. एका कंपनीतर्फे मी या सगळ्याचं गणिती मॉडेल करायला तिथे गेले होते. घाण किती आली, जिवाणू किती आहेत, हवा किती दिली, हे समीकरणांत घातलं की उद्या बाहेर पडणारं पाणी कसं असेल ते आजच कळतं. ते एकदा नीट कळलं की हवेचे ब्लोअर माणसानं चालू-बंद करायची गरज नाही, संगणक करील. निदान केंद्र चालवणाऱ्या कारखानदारांच्या समितीला तसं सांगण्यात आलं होतं.

तांडेल तिथले ऑपरेटर. साठी उलटली होती आणि दर वर्षी समिती त्यांना एक वर्षाची मुदतवाढ देत असे. तरुणपणी ते मच्छीमार बोटीवर होते, म्हणून केंद्रात सगळे त्यांना तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. ते स्वतः मात्र सांगत, "मी कसला तांडेल? बोटीवर साधा खलाशी होतो. तांडेल इथे झालो, टाकीवर. ही बोट बुडत नाय, एवढं एक बरं हाय."

मी रत्नागिरीचीच. पण शाळा इंग्रजी माध्यमाची आणि पुढचं शिक्षण बाहेर झालेलं. मराठी घरात बोलण्यापुरतं. आकड्यांची तर फार फजिती व्हायची. कोणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मला मनातल्या मनात थांबून, एक कमी करून, मग आकडा इंग्रजीत आणावा लागे. तांडेल काठावरून यंत्रावरचे आकडे ओरडून सांगत आणि मी खाली लिहून घेत असे. एकदा त्यांनी खाली येऊन माझ्या कागदात डोकावून पाहिलं.

"मी काय सांगितलं?"

"एकोण... सेव्हंटी नाईन."

"एकोणसत्तर सांगितलं गो. तू एकोणऐंशी लिहिलंस. मी जिना उतरेपर्यंत मंडळींना एवढी पोरं झाली?"

त्यानंतर ते मला आकडे बोटांनी दाखवू लागले. आधी दहांची बोटं, मग एकांची. सगळ्या केंद्रासमोर. मला लाज वाटायची, पण चूक पुन्हा झाली नाही.

त्यांना स्वतःला मात्र गणित येत होतं, आणि ते मला माहीत नसलेलं गणित होतं. टाकीतलं पाणी काचेच्या उभ्या नळ्यात भरून अर्धा तास ठेवायचं आणि गाळ किती खाली बसला ते पाहायचं, ही रोजची चाचणी. लॅबमध्ये त्यासाठी घड्याळ होतं. तांडेल घड्याळाकडे बघत नसत. नळा ठेवला की त्यांचे पाढे सुरू होत. दोनापासून तिसापर्यंत, मग पावकी, निमकी, पाऊणकी. निमकी म्हणजे निम्म्याचा पाढा: एक निमा अर्धा, दोन निमे एक. शेवटचा पाढा संपला की ते वाकून गाळाची रेघ वाचत. मी एकदा त्यांच्या नकळत मोबाइलवर वेळ लावून पाहिला. अर्ध्या मिनिटाचा फरक आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. तेवढाच.

फेसावरून ते वय सांगत. पांढरा हलका फेस आला की "पोरं जास्त झाली", तांबूस चिकट फेस आला की "म्हातारी माणसं जास्त झाली, थोडी बाहेर काढा." सूक्ष्मदर्शकाखाली देठावर उभे राहणारे, घंटेसारखे दिसणारे जीव दिसले की ते खूश. "घंटेवाले आले. आज पाणी चांगलं जाणार." मी पुस्तकात शोधलं. तिथे हेच लिहिलं होतं, फक्त लॅटिनमध्ये.

माझ्या मॉडेलकडे ते शंकेनं नाही, पाहुण्याकडे बघावं तसं बघत. माझ्या टेबलाशी येऊन उभे राहत आणि एखादं अक्षर निवडून त्याबद्दल विचारत.

"हे काय?"

"समोर किती अन्न असलं की जिवाणू आपल्या पूर्ण वेगाच्या निम्म्या वेगानं खातात, तो आकडा."

"म्हणजे मंडळींची निमकी."

"...हो. तसंच."

"आणि कारखाने बंद असतात तेव्हा? पावसाळ्यात मासेमारी बंद, घाण येत नाय. मग मंडळी एकमेकांना खातात. मी गूळ पाण्यात कालवून सोडतो. तुझ्या गणितात उपास हाय काय?"

"आहे. त्याला बी म्हणतात."

"बी? म्हणजे बियाणं?"

"नाही, इंग्रजी बी."

"उपासाला बी, आणि भुकेला?"

"के."

ते पडद्याजवळ वाकले. "बरं लिहिलंय," म्हणाले. "फक्त कोणी जेवताना दिसत नाय."

त्यांचा एक नियम मला विशेष आठवतो, कारण पुढे तोच माझ्यावर आला. रोजच्या नोंदींची वही त्यांच्या ताब्यात असे. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात खोडरबर चालत नसे, पांढरी शाई चालत नसे. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. लॅबमधल्या ताईंनी एकदा एक चूक गिरवून काळी केली, तर तांडेल दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. "चूक झाली त्याचं काय नाय," ते म्हणाले. "लपवलीत, त्याचं हाय."

ती वही माझ्या कामाचा मुख्य आधार होती. लॅबचा नमुना आठवड्यातून एकदाच घेतला जाई, वही रोजची. मी तिची दोन वर्षांची पानं संगणकात भरायला घेतली. अक्षर सुरेख होतं, पण मराठी वाचायला मला वेळ लागे. तारीख, हवेचे तास, फेसाचा रंग, गाळाची रेघ. आणि मग, महिन्यातून दोनदा, न चुकता, एक ओळ:

भांग लागला. हवा वाढवली.

तीन-चार दिवसांनी:

भांग सुटला. हवा नेहमीची.

मी ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा आजूबाजूला कोणी नाही ना, ते पाहिलं. केसांतला भांग इथे काही लागणारा नव्हता. उरली एकच. होळीला दुधातून पितात ती.

माझा स्वभाव विचारण्याचा नाही. मी बघते. शाळेत असल्यापासून तसंच आहे. उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही, प्रश्न असला तर पुस्तकात शोधायचा. त्यामुळे मी तांडेलांना विचारलं नाही, मी त्यांच्यावर लक्ष ठेवलं. आणि लक्ष ठेवायला लागल्यावर सगळं जुळत गेलं. त्यांचे डोळे लाल असत. ते टाकीशी बोलत. वहीत ती ओळ आली की त्या दिवसांत ते नेहमीपेक्षा जास्त वेळ काठावर घालवत, गुणगुणत, मध्येच वाकून आवक पायपाला कान लावत. चहा कधीच घेत नसत, पण स्टीलच्या एका बाटलीतून दिवसभर घोट घोट काहीतरी पीत. बाटली कोणाला देत नसत. एवढा पुरावा मला पुरेसा होता.

त्या दिवसांचे आकडेही वेगळे होते. गाळ वेगळा, फेस वेगळा, हवा जवळजवळ दीडपट. माझ्या मॉडेलला ते दिवस काही केल्या बसत नव्हते. मग मी एक निर्णय घेतला. त्यात माझ्याबद्दल पुष्कळ काही आहे, म्हणून लिहिते. मी ते दिवस काढून टाकले. महिन्यातले सहा-सात दिवस, दोन वर्षांतले. ते काढल्याबरोबर माझी रेघ उरलेल्या ठिपक्यांतून इतकी सुंदर गेली की मी तिचं चित्र छापून टेबलासमोर लावलं.

दिवस का काढले ते अहवालात लिहिणं भाग होतं. शेवटच्या परिशिष्टात मी इंग्रजीत एक वाक्य लिहिलं: ऑपरेटरच्या स्वतःच्याच नोंदींनुसार या दिवशी तो भांगेच्या अमलाखाली होता, त्यामुळे ही निरीक्षणं विश्वासार्ह धरलेली नाहीत. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं.

व्यवस्थापक साहेब घाटावरचे, समुद्राशी संबंध दोन वर्षांचा. त्यांनी अहवाल वाचला, रेघ पाहिली, खूश झाले आणि ब्लोअर पंधरा दिवसांच्या चाचणीसाठी मॉडेलच्या हाती दिले. परिशिष्टाबद्दल ते मला काही बोलले नाहीत. मला वाटलं, तिथवर त्यांनी वाचलंच नसेल.

पहिले काही दिवस छान गेले. ब्लोअर आपोआप हळू होत, आपोआप वाढत, आणि मी टेबलाशी बसून ते बघत असे. तांडेल काठावर हात मागे बांधून उभे असत. नंतर एका सकाळी मी आले तर गेटपाशीच वास आला. टाकीतलं पाणी काळपट पडलं होतं. मॉडेल म्हणत होतं, हवा पुरेशी आहे. तांडेलांनी मॉडेलची वायर काढून टाकली होती, दोन्ही ब्लोअर हातानं पूर्ण सोडले होते आणि अनवाणी काठावर फेऱ्या मारत होते. संध्याकाळपर्यंत पाण्याचा रंग परतला. त्या दिवसाच्या पानावर लिहिलेलं होतं: भांग लागला. हवा वाढवली.

दोन दिवसांनी ते माझ्या टेबलाशी आले. हातात पाकीट होतं.

"जरा वाच गो. साहेबांनी दिलंय. इंग्रजीत हाय, म्हणजे रागात हाय."

मी कागद उलगडला. पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि पुढच्या दिसल्या. त्यांतली एक ओळ माझी होती, शब्दान् शब्द.

"तुम्ही... परवानगी न घेता ब्लोअर हातानं चालू केलेत, असं लिहिलंय."

"केले. मंडळी गुदमरत होती. पुढे?"

"पुढच्या समितीच्या बैठकीत तुमची मुदतवाढ ठरायची आहे. त्याआधी खुलासा मागितलाय."

"कसला?"

मी कागदाची घडी घालू लागले. त्यांनी वाट पाहिली. मंडळींचा गाळ बसायची वाट पाहतात तशी, घाई न करता.

"तांत्रिक अहवालानुसार... तुम्ही कामावर नशेत असता. भांगेच्या."

"कोणाच्या अहवालानुसार?"

'कंपनीच्या' म्हणता आलं असतं. 'मला माहीत नाही' म्हणता आलं असतं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"माझ्या," मी म्हणाले.

त्यांनी स्टीलच्या बाटलीचं झाकण उघडलं, एक घोट घेतला, झाकण लावलं. मग पुन्हा उघडलं आणि बाटली माझ्यापुढे धरली. वास आला तेव्हाच कळलं. कोकमाचं पाणी, मीठ आणि जिरं घातलेलं.

"पित्त हाय मला," ते म्हणाले. "चहा चालत नाय. नशा कुठे बघितलीस?"

"वहीत. तुम्हीच लिहिता."

वही माझ्याच टेबलावर होती. मी पान उघडलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाच."

"भांग लागला."

"ला की ली?"

"ला."

"ती भांग, ती चढते. हा भांग, हा लागतो. ती न् हा एका घरात ऱ्हात नाय." त्यांनी वही मिटली. "तुमच्या शाळेत बाई-बाप्या शिकवत नाय काय?"

हे ते हसून म्हणाले नाहीत. खरं म्हणजे 'ती भांग' की 'तो भांग' हे मला आजवर कधी ऐकूच आलं नव्हतं.

"बूट घाल," ते म्हणाले. "तिकडे चिखल हाय."

खाडीच्या कडेनं आमचा आवक पायप जातो. त्यावर एक सिमेंटचं चेंबर आहे. तिथपर्यंत आम्ही चालत गेलो, संध्याकाळचं ऊन होतं. चेंबरच्या बाहेरच्या भिंतीवर, माझ्या कमरेएवढ्या उंचीला, शेवाळाची हिरवी रेघ होती.

"उधाणाच्या भरतीला पाणी इथवर येतं. अमावास्या, पुनव, त्याच्या मागचे-पुढचे दिवस," तांडेल म्हणाले. मग खाली बोट दाखवलं. पाणी चेंबरपासून बरंच दूर, दगडांत पडून होतं. "ही आत्ताची भरती. पूर्ण भरलीय. आज अष्टमी. अष्टमीच्या आसपास पाणी चढल्यासारखं करतं न् चढत नाय, उतरल्यासारखं करतं न् उतरत नाय. ह्याला भांग म्हणतात. लहान पोराला पण माहीत हाय."

मी त्या खाडीपासून चार किलोमीटरवर वाढले.

त्यांनी पहार लावून चेंबरचं झाकण सरकवलं आणि मला वाकायला सांगितलं. आत पायपाचे दोन तुकडे जिथे जोडले होते, तिथे सिमेंट सुटलं होतं. आणि त्या फटीच्या कडेला कालवं चिकटली होती. समुद्रातल्या खडकावर शिंपल्यांत असतात तशीच, पाच-सहा, बरीचशी मेलेली.

"कालवं काय कारखान्यातून येत नाय," ते म्हणाले. "उधाणाला खाडी ह्या फटीतून आत शिरते. मग आपल्याकडे येतं ते पातळ पाणी. मंडळींना जेवण कमी, हवा कमी लागते. भांगाला खाडी इथवर पोचत नाय. मग येतं ते घट्ट, अस्सल. पंगत भरलेली, मग हवा नको?"

मी तिथेच कट्ट्यावर बसले. भांगाचे सगळे दिवस मी काढून टाकले होते. माझ्या मॉडेलनं घट्ट पाणी जन्मात पाहिलंच नव्हतं. आणि त्याच्या हाती मी टाकी दिली होती. ती सुंदर रेघ अजून माझ्या टेबलासमोर लावलेली होती.

"तुम्ही कोणाला सांगितलं का नाही, पायपात खाडी येते म्हणून?"

"आधीच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या. मी रोज लेखीच देतो." मग झाकण परत सरकवताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू माझं सगळं बघत होतीस, ते मला दिसत होतं. म्हटलं, शिकतेय. विचारलंस का नाय गो?"

मी झाकणाला दुसऱ्या बाजूनं हात लावला.

बैठक पुढच्या आठवड्यात होती. टेबलाभोवती पाच-सहा कारखानदार, मुख्य खुर्चीत व्यवस्थापक साहेब, प्रत्येकासमोर माझ्या अहवालाची एकेक प्रत. तांडेलांना दाराशी खुर्ची दिली होती. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि तो त्यांना खांद्यात घट्ट होत होता. विषय होता त्यांची मुदतवाढ. साहेबांनी परिशिष्टाचं पान काढायला सांगितलं. कागदांचा आवाज झाला.

मी तोवर आयुष्यात चारपेक्षा जास्त माणसांसमोर स्वतःहून बोलले नव्हते. उभी राहिले. इंग्रजीत तयारी केली होती, दोन वाक्यं इंग्रजीतच बोलले. मग दाराकडे लक्ष गेलं. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला कळणार नाही अशा भाषेत माझं एकदा लिहून झालं होतं. मी थांबले आणि मराठीत सुरुवात केली.

"परिशिष्टातलं ते वाक्य चूक आहे. चूक माझी आहे. यांनी 'भांग लागला' असं लिहिलं होतं. मी तो... मला ती भांग वाटली."

क्षणभर कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मग टेबलाच्या टोकाला बसलेले एक शेठ, ज्यांच्या घरात तीन पिढ्यांच्या बोटी होत्या, दाढीवर हात ठेवून एकदम हसत सुटले.

"अहो साहेब! आमच्या अख्ख्या मोहल्ल्याला महिन्यातून दोनदा भांग लागतो! काढा सगळ्यांना नोटिसा!"

मग सगळेच हसले. साहेब सोडून, आणि दाराशी बसलेले सोडून. हसणं संपल्यावर मी मोबाइलवरचे कालवांचे फोटो फिरवले. पायपाची फट, हिरवी रेघ, वहीतल्या तारखा आणि शेजारी भरती-ओहोटीचं कोष्टक. बोलताना 'एकोणतीस' हा आकडा आला आणि मी तो मराठीत म्हटला. बरोबर म्हटला. शेठ फोटो मोठा करून बघत म्हणाले, "सांडपाण्यात कालवं? बाबा रे. आम्ही खाडीचं पाणी साफ करतोय एवढी वर्षं?"

साहेबांचा चेहरा उतरला होता, पण माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "ठीक आहे. गैरसमज झाला. मेमो मागे घेतो. मॅडम, ते परिशिष्टाचं पान सगळ्या प्रतींमधून काढून टाका, नवं छापून लावा."

मला सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

"नको साहेब. पान काढू नका."

सगळे वळले. तांडेल उभे राहिले होते.

"ह्या कागदात मी नशेबाज हाय हे जेवढ्यांनी वाचलं, तेवढ्यांनी ते खोडलेलं पण वाचायला पायजे. नवीन पान लावलं तर काय, नुसतंच गेलं. एक रेघ मारू दे तिला. माझ्या वहीत मारतात तशी."

साहेब म्हणाले, "अहो, ऑफिशियल अहवाल आहे तो."

"वही पण हाय," तांडेल म्हणाले.

शेठांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे सरकवलं. मी पहिली प्रत घेतली. माझ्या निर्दोष वाक्यावर एकच आडवी रेघ मारली, अशी की खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. वर जागा थोडी होती. तिथे देवनागरीत लिहिलं: भांग, पुल्लिंगी. अष्टमीच्या आसपासची मंद भरती-ओहोटी. ऑपरेटरच्या नोंदी बरोबर आहेत. शेजारी सही केली. मग दुसरी प्रत. मग तिसरी. शाळेत फळ्यापाशी उभं केल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. चौथ्या प्रतीपर्यंत माझं अक्षर स्थिर झालं होतं. शेवटी साहेबांनी मेमोची प्रत पुढे ओढली, तिच्यावर स्वतः एक रेघ मारली आणि सही केली.

मुदतवाढ मंजूर झाली. तो विषय दोन मिनिटांत संपला.

मॉडेल मी पुन्हा पहिल्यापासून केलं, सगळे दिवस घेऊन. त्यात खाडीचं पाणी आलं, भरतीचं कोष्टक आलं. तांडेल टेबलाशी येऊन उभे राहिले. "भांगाला काय अक्षर दिलंस?"

"भ."

"इंग्रजी भ?"

"इंग्रजीत भ नाहीये."

हे त्यांना फार आवडलं. ते लॅबमध्ये जाऊन ताईंना सांगून आले. नवी रेघ पहिल्याइतकी सुंदर नाही. ठिपके तिच्या आजूबाजूला बरेच विखुरलेले आहेत. पण पुढच्या भांगाला ब्लोअर आपण होऊन वाढले, तेव्हा तांडेल काठावर होते. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, वाकून वास घेतला, आणि पहिल्यांदाच टाकी सोडून सावलीत जाऊन बसले.

पायपाची फट पावसाळ्यानंतर बुजवली. त्यानंतर खाडी आत येत नाही, उधाण आणि भांग आमच्या टाकीला सारखेच. पुढच्या वर्षी मुदतवाढीची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःच नको म्हटलं. "माझ्याबद्दल कोण काय बोलत नाय, तेव्हा जातो," म्हणाले. आता ते आरे-वारेच्या किनाऱ्यापलीकडे त्यांच्या गावात असतात.

त्यांच्या शेवटच्या दिवशी योगायोगानं अष्टमी होती. त्यांनी वही उघडून माझ्यापुढे ठेवली आणि पेन दिलं. मी तारीख लिहिली, हवेचे तास, फेसाचा रंग, गाळाची रेघ. मग त्या ओळीशी थांबले.

"आता लिहायचं कशाला? पायप तर बुजवलाय."

"पायप बुजवलाय. खाडी बुजवलीय काय?"

मी लिहिलं. त्यांनी चष्मा लावला, वही जवळ घेतली आणि शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं.

"ला," ते म्हणाले. "सही कर."

मी सही केली. ते चपला तिथेच ठेवून शेवटचे टाकीवर चढले. मी बूट काढले आणि त्यांच्या मागून गेले.